ऑनलाईन गाडी आणि स्पेअर पार्ट: कराचा दर एकच, मग फरक पडतो कुठे?

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि गाड्यांच्या बाजारात मोठी उलथापालथ झाली. लहान मोटारी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी, टेम्पो, रिक्षा यांच्यावरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गाड्यांचे सुटे भाग, टायर, बॅटरी हेही १८ टक्क्यांत आले. ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर गेला.

तेव्हापासून अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळा अशा तालुक्यांत गॅरेजच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथं दुकानात कशाला घेता, ऑनलाईन मागवा, तिथं टॅक्स कमी लागतो." दुसरं वाक्य जुन्या गाडीबद्दलचं: "आता सेकंड हँड गाडी विकली तरी १८ टक्के सरकारला द्यावे लागतात." ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पण ती उगाच पसरलेली नाहीत. दर सगळीकडे सारखा झाला तरी त्याचा फायदा-तोटा सगळ्यांना सारखा होत नाही, हे लोकांना व्यवहारात जाणवतं. कारण मात्र भलतंच सांगितलं जातं.

क्लच प्लेट सोलापुरात घेतली काय, दिल्लीहून मागवली काय

आधी सुट्या भागांचं पाहू. जुन्या व्हॅटच्या काळात प्रत्येक राज्याचा दर वेगळा, त्यात केंद्रीय विक्रीकर, जकात, नंतर एलबीटी. त्या वेळी परराज्यातून माल आणला तर करात खरोखर फरक पडायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो मार्ग बंद झाला. जीपची क्लच प्लेट सोलापूरच्या दुकानात घेतली, पुण्याच्या नाना पेठेतून आणली किंवा मोबाईलवरून दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या व्यापाऱ्याकडून मागवली, कर १८ टक्केच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात व्यवहार झाला तर बिलावर ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे दिसतात. माल परराज्यातून आला तर १८ टक्के आयजीएसटी अशी एकच ओळ दिसते. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम तीच.

"ऑनलाईन घेतलं की आपला पैसा दुसऱ्या राज्याला जातो" हेही पूर्ण खरं नाही. व्यापाऱ्याचा नफा तिकडे जातो, कर नाही. माल जिथं पोचतो त्या राज्याला आयजीएसटीतला राज्याचा वाटा मिळतो. सांगोल्यातल्या माणसाने हरियाणातून बेअरिंग मागवलं तर राज्याचा हिस्सा महाराष्ट्राच्याच तिजोरीत येतो.

मग ऑनलाईन वस्तू स्वस्त का दिसते? मोठ्या विक्रेत्याची खरेदी मोठी, त्याला कंपनीकडून सूट जास्त. मधले वितरक कमी. आणि काही वेळा (हे उघड बोललं जात नाही) माल कंपनीचा नसतोच. डबा हुबेहूब, आत डुप्लिकेट ब्रेक लायनर. घाटात उसाची ट्रॉली ओढणाऱ्या गाडीला असला लायनर बसला तर वाचवलेल्या दोनशे रुपयांची किंमत काय होते, हे वेगळं सांगायला नको.

इथं बिल कामाला येतं. प्रत्येक पक्क्या बिलावर विक्रेत्याचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६, गुजरात २४, दिल्ली ०७. हा नंबर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते फुकट कळतं. पार्सलमध्ये बिलच नसेल, किंवा बिलावरचा नंबर रद्द झालेला निघाला, तर तो माल परत करण्याची मुदत संपायच्या आत परत केलेला बरा. नंतर वॉरंटी मागायला कोणाकडे जायचं, हा प्रश्न उरतो.

ट्रॅक्टरवाल्यांनी बिल नीट पाहावं

ट्रॅक्टरच्या बाबतीत गोष्ट जरा किचकट आहे. ट्रॅक्टर ५ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरचे टायर आणि ट्यूब १८ वरून ५ वर आले. क्लच असेंब्ली, गिअर बॉक्स, ब्रेक असेंब्ली, रेडिएटर, सायलेन्सर, मागच्या चाकाची रिम असे ट्रॅक्टरचे भाग यादीत नाव घेऊन ५ टक्क्यांत टाकले गेले. पण जे भाग सर्वसाधारण यंत्रांचे म्हणून गणले जातात ते १८ वरच राहिले. बॉल बेअरिंग ट्रॅक्टरला बसवलं तरी त्यावर १८ टक्केच. इंजिन ऑइलही आधीपासून १८.

म्हणजे एकाच बिलात दोन दर असू शकतात, आणि त्यात काही गैर नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा ट्रॅक्टरची रेडिएटर असेंब्ली जीपच्या सुट्या भागांसारखी १८ टक्क्यांत लावली जाते. ऑनलाईन हे जास्त सहज घडू शकतं, कारण तिथं विक्रेता एकदा वस्तूचा कोड भरतो आणि पुढं सगळी बिलं त्याच कोडने निघतात. शेतकऱ्याला या कराची वजावट मिळत नाही; जास्त लागलेले १३ टक्के त्याच्या खिशातूनच जातात. दहा हजारांच्या भागावर हा फरक १,३०० रुपयांचा आहे. अशा तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे.

दर उतरला, पण जुना माल कोणाच्या गळ्यात?

सप्टेंबरच्या कपातीचं कौतुक झालं ते रास्तच. करापूर्वी हजार रुपयांचा भाग १,२८० ऐवजी १,१८० ला मिळू लागला. पण तालुक्याच्या ठिकाणच्या लहान दुकानदाराची बाजू फारशी कुठं आली नाही.

असे बरेच दुकानदार कंपोझिशन योजनेत असतात किंवा वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असल्याने नोंदणीच केलेली नसते. दोघांनाही खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. समजा अशा दुकानात २१ सप्टेंबरच्या रात्री २८ टक्के कर भरून आणलेला तीन लाखांचा माल होता. त्यात मूळ किंमत सुमारे २,३४,४०० आणि कर ६५,६००. दुसऱ्या दिवशी तोच माल वितरकाकडे सुमारे २,७६,६०० रुपयांना मिळू लागला. एका रात्रीत २३,४०० रुपयांचा तोटा, आणि तो भरून द्यायला कोणी नाही. ग्राहक तर मोबाईलवर नवा भाव दाखवत समोर उभा.

ऑनलाईन विकणारा मोठा व्यापारी नियमित नोंदणीतला असतो. त्याने २८ टक्क्यांनी भरलेला कर त्याच्या खात्यात जमा असतो आणि पुढच्या विक्रीच्या १८ टक्क्यांतून तो वळता करून घेता येतो. म्हणून तो २२ तारखेच्या सकाळीच भाव उतरवू शकला. "गावातला दुकानदार लुटतोय, ऑनलाईनवाल्याने लगेच भाव कमी केला" अशी जी चर्चा झाली, तिच्यामागं काही ठिकाणी लबाडी असेलही, पण बऱ्याच ठिकाणी हे साधं गणित होतं.

जुनी गाडी: १८ टक्के कशावर?

आता दुसरी अफवा. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. त्यात सगळ्या जुन्या गाड्यांवर, इलेक्ट्रिक गाड्यांसह, एकच १८ टक्के दर ठरला आणि १६ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. त्याआधी मोठ्या गाड्या आणि एसयूव्हींना १८ आणि बाकीच्यांना १२ टक्के होता. समाजमाध्यमांवर मात्र असं फिरलं की बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकली तर तीन लाखांच्या तोट्यावरही कर. सरकारला खुलासा करावा लागला.

प्रत्यक्षात नियम असा आहे. विकणारा जीएसटीत नोंदणी केलेला असेल तरच कर, आणि तोही पूर्ण किंमतीवर नाही, तर फक्त मार्जिनवर. शिक्षकाने, शेतकऱ्याने, निवृत्त कर्मचाऱ्याने आपली गाडी शेजाऱ्याला विकली किंवा ओएलएक्स-फेसबुकवर जाहिरात टाकून अनोळखी माणसाला विकली, तर जीएसटी शून्य. जाहिरात ऑनलाईन दिली म्हणून व्यवहार करपात्र होत नाही. व्यवहार जुळवून देणाऱ्या कंपनीने सेवा शुल्क घेतलं तर त्या शुल्कावर १८ टक्के लागतील, गाडीच्या किंमतीवर नाही.

गाडी विकत घेऊन पुन्हा विकणारा डीलर किंवा ऑनलाईन कंपनी असेल तर मार्जिनचा हिशेब येतो. उदाहरण घेऊ. डीलरने हॅचबॅक गाडी ३ लाखांना घेतली, ३ लाख ४० हजारांना विकली. मार्जिन ४० हजार, कर ७,२००. जानेवारी २०२५ आधी अशा लहान गाडीला १२ टक्क्यांनी ४,८०० लागले असते. वाढ २,४०० रुपयांची. साडेतीन लाखांच्या गाडीत हे फार वाटत नाही.

पण डीलरने मधल्या काळात डेंटिंग-पेंटिंग, दोन टायर, क्लच यावर १५ हजार खर्च केले असतील तर? ते मार्जिनमधून वजा होत नाहीत. मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा खरेदी किंमत, बस्स. म्हणजे हातात खरे २५ हजार राहिले तरी कर ४० हजारांवर, आणि ७,२०० गेल्यावर उरले १७,८००. त्यातून जागेचं भाडं, पोराचा पगार, गाडी विकली जाईपर्यंतचं व्याज. एका गाडीत तोटा झाला तर दुसऱ्या गाडीच्या नफ्यातून तो वजा करता येत नाही. तोट्याच्या गाडीचा कर शून्य धरायचा आणि विषय संपवायचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेमकं हेच झालं. करापूर्वी पाच लाखांची नवी लहान पेट्रोल गाडी आधी २८ टक्के कर आणि १ टक्का सेस धरून ६ लाख ४५ हजारांना पडायची, ती ५ लाख ९० हजारांवर आली. नवीच ५५ हजारांनी उतरल्यावर जुनीला जुना भाव कोण देणार? ज्या डीलरने ऑगस्टमध्ये गाड्या भरून ठेवल्या होत्या, त्याने काही गाड्या तोट्यात काढल्या आणि ज्या थोड्या नफ्यात गेल्या त्यांच्यावर पूर्ण १८ टक्के भरले. मोठ्या ऑनलाईन कंपन्यांकडे शेकडो गाड्यांची उलाढाल असते, त्यांना असा धक्का पचतो. पाच-सहा गाड्या रस्त्याकडेला लावून बसलेल्याला तो जड जातो. दर वाढवताना दुरुस्तीचा खर्च वजा करायला परवानगी दिली असती तर हा धंदा जास्त सरळ बिलावर आला असता. आज अनेक ठिकाणी डीलर मध्ये दिसतच नाही: गाडी मूळ मालकाच्या नावावरून थेट नव्या ग्राहकाच्या नावावर जाते आणि कागदावर तो दोन व्यक्तींमधला खासगी व्यवहार ठरतो. कर वाचतो, पण उद्या इंजिन बसलं तर ग्राहकाकडे डीलरविरुद्ध एक चिठ्ठीही नसते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घेण्याचा आणि गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाईन माहिती देण्याचा नियम आहे. गाडी घेणाऱ्याने ते प्रमाणपत्र दाखवायला सांगावं, यात संकोचण्यासारखं काही नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल एक गैरसमज आहे. नवीवर ५ टक्के आणि जुनीवर १८, हा अन्याय असं म्हटलं जातं. आकडे मांडले की चित्र बदलतं. एक लाखाच्या नव्या स्कूटरवर कर ५ हजार. तीच डीलरने ५० हजारांना घेऊन ५८ हजारांना विकली तर १८ टक्के फक्त ८ हजारांवर, म्हणजे १,४४० रुपये.

ज्यांच्याकडे जीएसटी नंबर आहे त्यांनी मात्र जपून असावं. कंत्राटदार, दूध संकलन करणारे, वाहतूकदार यांनी धंद्याच्या हिशेबात घेतलेली पिकअप ऑनलाईन जाहिरात देऊन विकली तर ती खासगी विक्री ठरत नाही. प्राप्तिकरात घसारा दाखवला असेल तर मार्जिन धरायचं ते घसारा वजा जाऊन उरलेल्या किंमतीपासून. आठ लाखांची पिकअप हिशेबात तीन लाखांवर आलेली आहे आणि साडेचार लाखांना विकली, तर दीड लाखावर २७ हजार कर. घेताना भरलेल्या जीएसटीची वजावट घेतली असेल तर मार्जिनची सवलतच मिळत नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर कर लागतो. सौदा ठरवून बयाणा घेण्याआधी हे कर सल्लागाराला विचारलेलं बरं, कारण बयाणा घेतल्यावर ग्राहक वरचे पैसे देत नाही.

आणि सीमेवरच्या तालुक्यांसाठी एक वेगळीच गोष्ट. कर्नाटक पासिंगची गाडी ऑनलाईन स्वस्त दिसते. तिथं जीएसटीचा प्रश्न नसला तरी रोड टॅक्सचा असतो, आणि तो जीएसटीत आलेला नाही. वाहन मालकाने कर्नाटकात एकरकमी कर भरलेला असला तरी गाडी इकडं कायमची आणायची तर तिथल्या आरटीओची ना-हरकत, इथं नवी नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ तशीच चालवता येत नाही. चाळीस हजारांनी स्वस्त म्हणून आणलेली गाडी एमएच १३ वर घेता घेता तो फायदा निम्मा किंवा पूर्ण जाऊ शकतो.

काउंटरवर चालतं, कुरियरने चालत नाही

सर्वात जास्त अडचण मात्र खरेदीदाराची नाही, विकू पाहणाऱ्या लहान दुकानदाराची आहे. अक्कलकोट, दुधनीच्या बाजाराला सीमेपलीकडच्या अफझलपूर, आळंद, इंडी भागातली माणसंही येतात. एखाद्या दुकानात बंद पडलेल्या जुन्या मॉडेलचे भाग मिळतात, हे तिकडच्या मिस्त्रींना ठाऊक असतं. दुकानाची विक्री वर्षाला २५ लाख, म्हणजे नोंदणीची सक्ती नाही. इंडीचा मिस्त्री दुकानात आला, पैसे दिले, भाग पिशवीत टाकून गेला. ही विक्री महाराष्ट्रातली, कायद्याने काही अडचण नाही. त्याच मिस्त्रीने महिन्याने फोन करून तोच भाग कुरियरने मागवला आणि बिलावर पत्ता कर्नाटकचा पडला, की ती आंतरराज्य विक्री. त्यासाठी पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी सक्तीची. ४० लाखांची मर्यादा इथं लागू होत नाही. कंपोझिशनवाल्याला तर आंतरराज्य विक्री करताच येत नाही. त्याला १ टक्क्याची योजना सोडून नियमित नोंदणीत जावं लागतं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून थोडी ढील मिळाली. त्याआधी ऑनलाईन कंपनीच्या मार्फत माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी हवीच होती. आता राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान दुकानदाराला पॅनच्या आधारे फक्त एक नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाईन विकता येतं. कंपोझिशनवाल्यांनाही राज्यात विकायची मुभा मिळाली. अक्कलकोटचा दुकानदार गडचिरोलीला माल पाठवू शकतो. दुकानापासून जवळ असलेल्या कर्नाटकातल्या गावाला नाही.

नोंदणी घेणं हे आता तितकं अवघड नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून कमी जोखमीच्या लहान अर्जदारांना तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी देण्याची सोपी पद्धत सुरू झाली आहे. त्रास नंतरचा आहे. विवरणपत्रं, उशीर झाला तर विलंब शुल्क, सल्लागाराची फी, आणि आपल्या तालुक्यातल्या गिऱ्हाईकालाही १८ टक्के लावून बिल देणं. शेजारचा दुकानदार नोंदणीशिवाय विकत असेल तर त्याच्यापुढं भाव महाग दिसतो. शिवाय ऑनलाईन कंपनी विक्रीच्या रकमेतून अर्धा टक्का कर कापून ठेवते (१० जुलै २०२४ पर्यंत तो १ टक्का होता). तो पैसा विक्रेत्याच्या खात्यात परत येतो, पण विवरणपत्र भरल्यावर. लाखाच्या विक्रीत पाचशे रुपये ही रक्कम लहान असली तरी उधारीवर चालणाऱ्या दुकानात अडकलेला प्रत्येक पैसा मोजला जातो.

सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत ऑनलाईन कंपन्यांमार्फत अनेक राज्यांत विकणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी सोप्या नोंदणीच्या कल्पनेला परिषदेने तत्त्वतः मान्यता दिली. पण तो दिलासा ऑनलाईन कंपन्यांमार्फत विकणाऱ्यांपुरता मांडलेला आहे. फोनवर ऑर्डर घेऊन, मोबाईलवर पैसे घेऊन एसटीच्या पार्सलने किंवा कुरियरने भाग पाठवणारा सीमेवरचा दुकानदार त्यात बसत नाही. त्याच्यासाठी वर्षाला काही लाखांपर्यंतची आंतरराज्य विक्री नोंदणीशिवाय चालू द्यावी, अशी सूट सेवांच्या बाबतीत आधीच आहे: २० लाखांच्या आतला सेवा देणारा नोंदणीशिवाय दुसऱ्या राज्यात काम करू शकतो. म्हणजे इंडीला जाऊन ट्रॅक्टर दुरुस्त करून देणाऱ्या अक्कलकोटच्या मिस्त्रीला मजुरीसाठी नोंदणी लागत नाही, पण त्याच ट्रॅक्टरचा पंप इंडीला पाठवणाऱ्या दुकानदाराला लागते. वस्तूंसाठी तशी मर्यादा ठरवायची तर तो निर्णय जीएसटी परिषदेलाच घ्यावा लागेल, आणि परिषदेत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचेही मंत्री बसतात.